चपट्या नाकाची कुत्री आणि आपला उन्हाळा : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तोपर्यंत खरूज, लसी आणि पिल्लांचे जंत यांविषयी विचारणारे वाचक एकाएकी धाप, लाळ आणि जांभळ्या जिभेविषयी लिहू लागतात, आणि त्या पत्रांत बहुतेक वेळा पग, शिह त्झू किंवा फ्रेंच बुलडॉग यांचाच उल्लेख असतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेलेला असताना ज्याला नाक जवळजवळ नाहीच अशा प्राण्याला त्या अभिमानाचा काही उपयोग नसतो. म्हणून या वेळी सगळी उत्तरे या एकाच विषयावर देत आहे.

प्रश्न : आमचा पग ‘लाडू’ तीन वर्षांचा असून त्याचे वजन १२ किलो आहे. आम्ही वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोल्यांत राहतो. मागच्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास घरी पाहुणे आले, त्यांना पाहून तो उड्या मारू लागला आणि दहा मिनिटांत त्याला अशी धाप लागली की जीभ जांभळी पडली व तो पाय फाकून एका जागी उभा राहिला. शेजाऱ्यांनी कांदा फोडून हुंगवला, एकाने तोंडात लिंबू पिळले. आम्ही त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून कूलरसमोर ठेवले. तासाभराने तो सावरला, म्हणून दवाखान्यात नेले नाही. तो एरवीही घोरतच असतो, त्यामुळे धोका नेमका कधी समजावा? — एक शिक्षिका, परभणी

उत्तर : आपला लाडू वाचला याचा आनंद आहे, परंतु तो कांद्याने किंवा लिंबाने वाचला असे कृपया समजू नये. कांदा हुंगवल्याने श्वासमार्ग मोकळा होत नाही, आणि तो चुकून पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. धाप लागलेल्या कुत्र्याच्या तोंडात पिळलेले लिंबू किंवा ओतलेले पाणी घशात न जाता थेट फुप्फुसात उतरू शकते, कारण त्या क्षणी त्याला गिळायलाच सवड नसते.

त्या दुपारी काय घडले ते समजण्यासाठी या जातींच्या डोक्याची रचना लक्षात घ्यावी लागेल. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून या कुत्र्यांच्या कवटीचा पुढचा भाग आखूड केला, मात्र त्या कवटीच्या आतले मांस त्या मानाने कमी झाले नाही. पेटी अर्ध्यावर आणली आणि तिच्यात वाकळा पूर्वीइतक्याच कोंबल्या, असा हा प्रकार आहे. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, मऊ टाळू (तोंडाच्या छताचा घशाकडचा मऊ भाग) गरजेपेक्षा लांब आणि जाड, जीभ तोंडाच्या मानाने मोठी, नाकातील पातळ हाडांच्या घड्या दाटीवाटीने मागे सरकलेल्या, आणि काही जातींत, विशेषतः इंग्लिश बुलडॉगमध्ये, श्वासनलिकाही जन्मतःच बारीक. नळीची रुंदी निम्मी झाली तर तिच्यातून हवा ओढण्याचा अडथळा दुप्पट न होता साधारण सोळा पटींनी वाढतो, असे भौतिकशास्त्र सांगते, त्यामुळे थोडीशी सूजसुद्धा या कुत्र्यांना महागात पडते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि तोंडा-नाकाच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडवणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग असतो. लाडूने उड्या मारल्या, अंग तापले, त्याने धापा टाकायला सुरुवात केली. अरुंद जागेतून जोराने हवा ओढल्यामुळे टाळू आणि घसा सुजला. वाट आणखी बारीक झाली, म्हणून छातीच्या व पोटाच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागला. आणि त्या स्नायूंच्या कामाने अंग आणखी तापले. हे चक्र एकदा सुरू झाले की कुत्रे स्वतःहून त्यातून क्वचितच बाहेर पडते. पाहुण्यांचे येणे, वरातीचा डीजे, फटाके किंवा शेजारच्या कुत्र्याशी भांडण यांपैकी कशानेही ते थंडीच्या दिवसांतही सुरू होऊ शकते. पत्र्याखालच्या मेच्या दुपारी त्याला वेळ लागत नाही, एवढाच फरक आहे.

आता घोरण्याविषयी. ‘ही जातच घोरते’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आणि, लपवण्यात अर्थ नाही, काही वर्षे स्वतःही बोलत आलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी दुपारी फोन करून सांगितले की त्यांचा पग सकाळपासून मोठ्याने घरघरत होता, आता आवाज कमी झाला आहे, पण पोट मात्र जोरात हलते आहे. आवाज कमी झाला आहे तर संध्याकाळी घेऊन या, असे मी त्यांना सांगितले. संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त कुत्र्याचा पट्टा होता. आवाज कमी होणे आणि पोट हलत राहणे याचा अर्थ त्या कुत्र्याच्या घशातून आता हवाच जात नव्हती, हे मला त्या फोनवर कळायला हवे होते.

म्हणून आवाजाचा मोठेपणा न पाहता त्याच्यातला बदल पाहावा. झोपेत नाकातून येणारा जाड, खालच्या पट्टीतला आवाज नाक आणि टाळूचा असतो. तो चांगला नाही, पण रोजचा आहे. जागेपणी, काही श्रम न करता तोच आवाज येऊ लागला तर आजार वाढला आहे असे समजावे. श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा किंवा करवतीसारखा उंच आवाज येऊ लागला, तर अडथळा स्वरयंत्रापर्यंत पोहोचला आहे, आणि त्या दिवशी इतर कामे बाजूला ठेवावीत. कुत्रे कोपरे बाहेर काढून, मान पुढे ताणून उभे असेल आणि थकले असूनही बसायला तयार नसेल. दर श्वासाला पोट आत ओढले जात असेल. जीभ टोकाशी रुंद होऊन पळीसारखी बाहेर लोंबत असेल. लाळ पातळ न राहता दोरीसारखी चिकट झाली असेल. आपल्या हाकेकडे त्याचे लक्षच नसेल. तर ही खऱ्या धोक्याची चित्रे आहेत. हिरड्यांचा रंग गुलाबी असावा. त्या प्रथम लालभडक होतात, नंतर विटकरी आणि शेवटी निळसर. काळ्या पगच्या हिरड्याच मुळात काळ्या असल्याने त्याच्या जिभेचा किंवा खालच्या पापणीच्या आतला रंग पाहावा, आणि तो निरोगी असताना एकदा पाहून ठेवावा. निळा रंग दिसेपर्यंत वाट पाहणे मात्र चूक आहे; तो बराच उशिरा दिसतो.

अशा वेळी क्रम असा ठेवावा की आधी थंड करायचे आणि मग दवाखाना गाठायचा. घरी दुसरे कोणी असेल तर एकाने पाणी ओतावे व दुसऱ्याने डॉक्टरांना फोन करावा. कुत्र्याला सावलीत, खालच्या मजल्यावर, शक्यतो शहाबादी फरशीवर आणावे. गळपट्टा काढून टाकावा. भोवतीची गर्दी हटवावी. आणि छाती, पोट, काखा, जांघा यांवर पाणी ओतून समोर पंखा लावावा. तोंडावर आणि नाकावर पाणी ओतू नये. येथे आपल्याकडची एक अडचण लक्षात ठेवावी : गच्चीवरील टाकीचे पाणी मेच्या दुपारी नळातून अक्षरशः चटका देत बाहेर पडते आणि घाईघाईत तेच कुत्र्यावर ओतले जाते. माठातले, रांजणातले किंवा बोअरचे पाणी घ्यावे. फक्त कोमटच पाणी वापरावे, थंड पाण्याने धक्का बसतो, असे पूर्वी आम्हीही सांगत असू. आता पशुवैद्यकांचा कल त्याच्या विरुद्ध आहे, आणि कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेले जे पाणी हाताशी असेल ते ताबडतोब वापरणे महत्त्वाचे मानले जाते. बर्फ आणायला दुकानात मात्र धावू नये, त्यात वेळ जातो.

आपण त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळलेत, हा हेतूने चांगला पण परिणामाने उलटा उपाय आहे. गुंडाळलेला टॉवेल काही मिनिटांत अंगाच्या उष्णतेने तापतो आणि वाकळेचे काम करतो. टॉवेल वापरायचाच तर तो जमिनीवर पसरून त्यावर कुत्र्याला ठेवावे. घरी तापमापक असेल तर गुदद्वारातून तापमान घ्यावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०३ च्या आसपास उतरले की पाणी थांबवावे, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडते. १०५ च्या पुढे गेलेले तापमान आतड्यांना, मूत्रपिंडांना व मेंदूला इजा करू शकते, आणि ती इजा कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ताच्या जुलाबांतून किंवा लघवी बंद होण्यातून दिसते. म्हणूनच ‘तासाभराने सावरला’ तरी त्याला दवाखान्यात दाखवायला हवे होते. माणसांची पॅरासिटॅमॉल किंवा दुसरी तापाची गोळी अजिबात देऊ नये. हा ताप नसल्याने ती लागू पडत नाही आणि कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. बेशुद्ध पडल्यास मान सरळ ताणून, जीभ बाहेर ओढून, घशातील लाळ फडक्याने टिपून घ्यावी आणि कुशीवरच ठेवावे.

दुचाकीवर दोघांच्या मध्ये पोत्यात किंवा ओढणीत गुंडाळून नेलेली कुत्री मी पाहिली आहेत. उन्हाच्या झळा आणि दोन माणसांच्या अंगाची ऊब यांत ती वाटेतच दगावतात. रिक्षा करावी, ती मोकळी असते. मोटार असेल तर एसी आधी सुरू करून ती थंड करावी आणि कुत्र्याला ओले असतानाच आत ठेवावे. आणखी एक काम आजच करून ठेवावे : आपल्या शहरातील कोणत्या दवाखान्यात ऑक्सिजनची सोय आहे आणि दुपारी एक ते पाच या वेळेत कोणता उघडा असतो, याची चौकशी करून ते क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत, कारण ही संकटे नेमकी त्याच वेळेत येतात.

लाडूचे १२ किलो वजन हा स्वतंत्र आजारच आहे. पगचे वजन साधारण ६ ते ८ किलो असावे. गळ्याभोवती आणि छातीवर साठलेली चरबी आधीच अरुंद असलेल्या वाटेवर बाहेरून दाब देते, शिवाय उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात. चहात बुडवलेली बिस्किटे, तूप लावलेली पोळी आणि घरातल्या प्रत्येकाने ‘एकच घास’ म्हणून दिलेला घास हे सर्व मोजून पाहावे. चार माणसांच्या घरात तो एक घास चार होतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा आणि फिरणे उजाडण्यापूर्वी उरकावे.

प्रश्न : आमचा फ्रेंच बुलडॉग दोन वर्षांचा आहे. तो आडवा झोपत नाही. बसल्या बसल्या डुलक्या घेतो किंवा माझ्या वडिलांच्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपतो, आणि मध्येच दचकून उठतो. जेवल्यानंतर पांढरा फेस आणि न पचलेले अन्न बाहेर काढतो. एका डॉक्टरांनी नाकाची शस्त्रक्रिया सुचवली आहे. घरातील मंडळी भुलेला घाबरतात. — एक वाचक, लातूर

उत्तर : आपण चपलेचे जे वर्णन केले आहे ते कोणत्याही तपासणीइतकेच मोलाचे आहे. आडवे झाल्यावर लांब टाळू घशाच्या तोंडावर झाकणासारखा पडतो आणि श्वास थांबतो, म्हणून ते कुत्रे दचकून उठते. हनुवटी उंच ठेवली की वाट थोडी उघडी राहते, हे त्याचे त्यालाच कळलेले असते. काही कुत्री तोंडात चेंडू धरून झोपतात, त्याचेही कारण हेच. घरचे लोक त्याचे फोटो काढून हसतात, पण ते कुत्रे कित्येक महिने नीट झोपलेले नसते.

फेस आणि उलटी हा पोटाचा वेगळा आजार असेलच असे नाही. बंद नळीतून हवा ओढताना छातीत जो ताण निर्माण होतो, त्याने जठरातील आम्ल व अन्न वर खेचले जाते, त्या आम्लाने घसा आणखी सुजतो. त्यामुळे अन्न थोडे थोडे, तीन-चार वेळा विभागून द्यावे, आणि जेवणानंतर तासभर खेळू देऊ नये.

शस्त्रक्रियेविषयी माझे मत स्पष्ट आहे : या वयात आणि या लक्षणांवर ती लांबवू नये. नाकपुडीच्या कडेचा पाचरीसारखा तुकडा काढून ती रुंद करतात आणि टाळूचा जास्तीचा भाग कापून आखूड करतात; गरज असल्यास स्वरयंत्रापाशी बाहेर लोंबणाऱ्या लहान पिशव्याही काढतात. याने कुत्र्याचे नाक लांब होत नाही आणि उन्हाळ्यातली काळजी संपत नाही, पण बहुतेकांचा श्वास बराच सुधारतो. वाट पाहत राहिल्यास वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने स्वरयंत्राची कूर्चा मऊ पडून आत कोसळू लागते, आणि त्या अवस्थेत शस्त्रक्रिया करूनही हाती थोडेच लागते.

भुलेची भीती अनाठायी नाही. या कुत्र्यांत भूल देण्यापेक्षा भूल उतरण्याची वेळ अधिक नाजूक असते. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : भुलेपूर्वी ऑक्सिजन देणार का, घशातील नळी कुत्रे पुरते जागे होऊन गिळू लागेपर्यंत आत ठेवणार का, आणि त्या रात्री त्याच्याजवळ कोणी जागे असणार का. या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. परभणी आणि उदगीर येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा विभागांतही चौकशी करता येईल. उदगीर आपल्याला जवळ पडेल.

तोपर्यंत रोज रात्री तो शांत असताना त्याचे श्वास मोजून वहीत लिहावेत. छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून आलेली संख्या दुप्पट करावी. झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असावा. सोबत मोबाइलवर त्या झोपेचे चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रे घाबरलेले असते आणि तेथे त्याचा खरा श्वास दिसत नाही.

प्रश्न : आमची शिह त्झू अधूनमधून एकदम थबकते, मान ताणते आणि नाकाने जोरजोरात ‘खर्र खर्र’ असा आत ओढल्यासारखा आवाज करते. अर्ध्या मिनिटात सर्व ठीक. हा झटका आहे का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही. ही उलटी शिंक आहे. धूळ, उदबत्तीचा धूर किंवा फोडणीचा ठसका यांनी नाकाच्या मागच्या भागाला खाज सुटली की असे होते. हिरड्या गुलाबी असतात, आणि संपल्यावर कुत्री जणू काही झालेच नाही अशी चालू लागते. श्वास कोंडलेले कुत्रे असे कधी चालू लागत नाही. गळ्यावरून हलकेच हात फिरवावा, एवढे पुरे. मात्र असे दिवसातून अनेकदा होऊ लागले किंवा एकाच नाकपुडीतून स्राव अथवा रक्त येऊ लागले, तर नाकात गवताचे कुसळ अडकले असण्याची शक्यता असते. दिवाळीच्या सुमारास माळावर गवत वाळले की अशी कुत्री दवाखान्यात येतात.

प्रश्न : मेमध्ये आमच्या पगला कूलरसमोर बरे वाटत होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर ऊन कमी झाले, कूलर तोच, खोली तीच, तरी तो जास्त धापा टाकतो. असे का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याचे कारण आणि आपल्या पगच्या धापेचे कारण एकच आहे. माठ, कूलर आणि कुत्र्याची जीभ ही तिन्ही पाणी हवेत उडवून थंडावा मिळवतात. मेच्या कोरड्या हवेत पाणी सहज उडते. मृगाच्या तोंडावर हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे तिन्ही एकाच वेळी निकामी होतात. त्यात आपण दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर तो खोलीत आणखी बाष्प भरतो आणि धापा टाकून कुत्र्याच्या हाती काहीच लागत नाही. कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवावी. हवा दमट झाल्यावर कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा, कुत्र्याचे पोट आणि पाय ओले करून त्याला फरशीवर लोळू द्यावे. एसी असेल तर तो हवेतील दमटपणाही कमी करतो, म्हणून या दिवसांत तो कूलरपेक्षा उजवा.

लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न आपण विचारला नसला तरी त्याचे उत्तर तयार ठेवावे. ज्यांच्या गावाकडे अजून माळवदाचे जुने घर उभे आहे त्यांना माहीत आहे की भर दुपारी त्या मातीच्या छताखाली किती निवांत असते. मे-जूनचे दोन महिने कुत्र्याला आजोळी ठेवणारे एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

प्रश्न : मुलगा पगचे किंवा फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू घेण्यासाठी हट्ट धरून बसला आहे. घेताना काय पाहावे? — एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : माझे पहिले उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे, आणि ते आपल्याला रुचणार नाही याची कल्पना आहे. आपल्याच लातूरकडच्या भागात कारवान आणि पश्मी ही लांब नाकाची, सडपातळ कुत्री पिढ्यान् पिढ्या दख्खनच्या उन्हात ससे पळवत आली आहेत. पगने या हवामानात जगावे असा हट्ट आपला आहे. नेदरलँड्समध्ये ज्या कुत्र्यांचे नाक कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून आखूड आहे त्यांची पैदास करण्यास २०१९ पासून कडक मनाई केली गेली, यावरून हा प्रश्न केवळ माझ्या मताचा नाही हे लक्षात येईल.

तरीही घ्यायचेच ठरले तर पिल्लापेक्षा त्याच्या आई-वडिलांकडे जास्त पाहावे. नाकपुड्या चिरेसारख्या आहेत की उघड्या आहेत, श्वास घेताना त्या आत ओढल्या जातात का, बसल्या जागी आवाज येतो का, हे निरखावे. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ मध्ये सुरू केलेल्या श्वसनतपासणीत कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवून आधी व नंतर घशावर स्टेथोस्कोप लावून ऐकतात आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. ती श्रेणी घरी देता येणार नाही, पण पिल्लाच्या आईला सकाळच्या गारव्यात तीन मिनिटे चालवून दाखवा, असे आपण म्हणू शकता. जो विकणारा ‘आत्ता नको, ती थकली आहे’ असे सांगतो त्याच्याकडून निघून यावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागण्यात संकोच करू नये.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा ल्हासा अप्सो चार दिवसांपासून भराभर श्वास घेतो. घोरत नाही, आवाज नाही, हवाही गार आहे. जेवण सोडले आहे आणि हिरड्या पांढऱ्या दिसतात. नाक चपटे असल्यामुळेच हे होत असावे का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : आपले पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून ते मिळाले त्याच संध्याकाळी आपल्याला फोन केला होता, येथे इतर वाचकांसाठी लिहितो. आवाज न करता वाढलेला श्वास आणि पांढऱ्या हिरड्या म्हणजे वाट मोकळी आहे पण प्राणवायू वाहून नेणारे रक्तच कमी पडते आहे. आपल्या भागात याचे पहिले कारण गोचीड ताप असते, मग कुत्र्याचे नाक लांब असो वा चपटे. कानांच्या घड्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत शोधा, असे मी फोनवर सांगितले, आणि उजव्या कानात सात गोचीड सापडल्याचे आपण कळवलेत. दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत तेच निदान झाले. औषधाचा कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो आणि तीन-चार दिवसांतच कुत्रे जेवू लागल्याने पुष्कळ जण तो अर्ध्यावर सोडतात. आपण गोळ्या दिवस मोजून पूर्ण द्याव्यात, आणि त्या संपल्यावर पुन्हा रक्त तपासून घ्यावे.